वांगाची ट्यूब

सोमवारी आमच्याकडे बाजार भरतो. त्या गर्दीत एका ताईंनी मेडिकलच्या काउंटरवर रिकामी ट्यूब ठेवली. टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळत आणलेली. "दादा, हीच द्या. दोन द्या."

तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन; यातलं शेवटचं स्टेरॉइड. वांगासाठी त्वचेचे डॉक्टर हे त्रिकूट लिहून देतात. रात्री, फक्त डागावर, काही आठवड्यांपुरतं. मी चिठ्ठी मागितली.

"चिठ्ठी कशाला? तीन वर्षं लावतेय की."

तेव्हा कुठे मी मान वर केली. त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. गालाची कातडी इतकी पातळ झालेली, की आतल्या लाल शिरा मोजून घ्याव्यात. कानशिलाजवळ लव वाढलेली. वांग मात्र होतं तिथंच, उलट आणखी गडद. "चार दिवस नाही लावली तर तोंड पेटतं बघा. चुलीसमोर बसल्यागत."

"पहिल्यांदा कुणी दिली होती?"

"तुम्हीच की."

दिली असणार. खोक्यावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वांगाला काहीतरी द्या. 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीतून असलेली सूट काढून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तेव्हा महिनाभर आम्ही सगळेच कडक होतो. मग लग्नसराई आली.

नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. "मग ही लावू का? पार्लरवाली देते."

सोनेरी झाकण, वर कुठलीतरी परकी लिपी. उत्पादकाचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही. मला ट्यूबपेक्षा या डबीची धास्ती जास्त. गोरं करणाऱ्या अशा मालात पारा सापडतो. आपल्याकडे नियम असा, की क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायचाच नाही. नकळत उतरला तरी दहा लाख भागांत एकाच्या वर नको. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमकडे असल्या क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झालेली आढळली होती.

"पाय सुजतात का? लघवीला फेस येतो?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तोंडाला लावायच्या क्रीमचा नि लघवीचा काय संबंध?"

मागे पाच-सहा जण खोळंबलेले. तरी सांगितलं. डबी दोनदाच लावली होती म्हणाल्या. बिलाच्या मागे मी जिल्हा रुग्णालयातल्या त्वचा विभागाचं लिहून दिलं, लघवीची तपासणी लिहिली, आणि जाताना रिकामी ट्यूबही दाखवायला न्या म्हटलं.

"म्हणजे ट्यूब देत नाही तुम्ही."

"नाही ताई."

त्यांनी ट्यूब पिशवीत टाकली, डबी माझ्याकडे सरकवली. "ही ठेवा मग तुम्हालाच." आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलची पायरी चढल्या.