नारळाचा सवाल

आज गावच्या गणपतीपुढचे सवाल झाले. लिलावाला आमच्याकडे सवालच म्हणतात. शेजारच्या आजींनी स्वतः शिवलेली गोधडी दिली होती, कुणी भोपळा, कुणी परसातली केळी. पैसे शाळेच्या वाचनालयाला.

मानाचा नारळ पाचशे एकावर सुरू झाला आणि अकरा हजारांवर सुटला. घेणारा माझ्याच वर्गातला, एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा. मी विचारलंच, एवढे का रे? म्हणाला, "इथं कमी करून काय मिळवायचं? माझी पोरगी त्याच शाळेत आहे."

खरंच, बाजारात आपण भाव पाडतो, इथं चढवतो, कारण नारळ हे फक्त निमित्त असतं. पावती फाडून पाचशे देणारा माणूस चार ओळखीच्या तोंडांसमोर बोली लागली की हजारांवर जातो. त्यात मान असतोच, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. समोरचा बोली वाढवतो तेव्हा तो जिंको वा हरो, शाळेचीच रक्कम वाढवत असतो.

हैदराबादजवळच्या बालापूरला गणपतीच्या लाडवाचा असा लिलाव 1994 पासून होतो. पहिला लाडू 450 रुपयांना गेला होता, 2024 मध्ये 30 लाखांवर. तिथलाही पैसा गावाच्या कामाला लागतो.

गोधडी अडीच हजारांना गेली. "तीनवार" झालं तेव्हा आजींनी पदर डोळ्यांना लावला.

नारळ तिथंच फोडला. माझ्या वाट्याची शिरणी आईसाठी रुमालात बांधून आणलीय.