सतराव्या फ्रेटमधला जादा ठिपका

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. आमच्या पाच जणांच्या गिटारीवर सतराव्या फ्रेटमध्ये, म्हणजे आडव्या धातूच्या सळ्यांमधल्या सतराव्या घरात, दोन ठिपके का? एक मधोमध, जागा ओळखायला जिथे असायला हवा तिथे. दुसरा पहिल्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये, जिथे ठिपका असण्याचं काहीच कारण नाही. गिटार हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि आजवर मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. कुणाला शोभेसाठी म्हणाले, कुणाला ही आमच्या गटाची खूण आहे म्हणाले, एकदा तर वर वाजवताना बोट चुकू नये म्हणून, असंही सांगितलं. तिन्ही खोटी आहेत. पुन्हा कुणी विचारलं की चौथं काहीतरी रचावं लागेल याचाच आता वैताग आलाय.

गिटार कशी जमली ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकीने बॉडी दिली, एकाने नेक, म्हणजे बोटं फिरतात तो लांब दांडा, तिसऱ्याकडून तारांचा आवाज पकडणारे पिकअप आणि तो कमी-जास्त करायचे पॉट आले, चौथ्याकडून तारा बॉडीवर जिथे टेकतात तो ब्रिज आणि खुंट्या. माझ्याकडे द्यायला यातलं काहीच नव्हतं, हत्यारं तेवढी होती. ड्रिल, क्लॅम्प, सोल्डरिंग आयर्न, मोजपट्ट्या, कानशी. नियम पहिल्याच दिवशी ठरला: दिलेला भाग परत मागायचा नाही. तो दिला त्या क्षणी सगळ्यांचा.

नेक ज्याने दिला, त्याच्या पहिल्या गिटारीचा तो होता. ती गिटार पडून बॉडीला तडा गेला आणि नेक वर्षानुवर्षं कपाटात राहिला. मेपलच्या लाकडाचा, वर बोटं दाबायची रोझवूडची पट्टी, एकवीस फ्रेट. पहिले तीन फ्रेट झिजलेले, कारण शिकताना माणूस तिथेच सी आणि जी हे कॉर्ड करत बसतो. मागच्या बाजूला अंगठा टेकायच्या जागी लॅकर उडालेलं. तो भाग घासायचा नाही, एवढं त्याने सांगितलं. आणखी एक सांगितलं: "भोकं पाडाल तेव्हा मला बोलवा."

भोकं पाडावीच लागणार होती. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारींचा नेक न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला होता. वेगवेगळ्या गिटारींचे भाग एकत्र करण्याचा आमच्यासारख्यांचा सगळा खटाटोप त्या चार स्क्रूंवर चालतो. पण चार स्क्रू म्हणजे चार जागा, आणि त्या जुळायला हव्यात. बाकीची मापं मी तीनतीनदा घेतली होती. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर, म्हणजे तिथून पुढे तितक्याच अंतरावर ब्रिजचे सॅडल, तारांचे खालचे टेकू, एकूण ६४८. हे चुकलं तर गिटार कधीच सुरात येत नाही. ते बरोबर आलं. नेकची टाच, म्हणजे त्याचं खालचं जाड टोक, बॉडीतल्या खाचेत घट्ट बसली. फक्त टाचेवरची जुनी भोकं बॉडीच्या भोकांपासून दोन-तीन मिलिमीटर सरकलेली होती. हा फरक सगळ्यात वाईट. भोक पूर्ण वेगळ्या जागी असेल तर नवं पाडता येतं; अर्धवट एकावर एक आलं की ड्रिलचा बिट घसरून जुन्यातच जातो. म्हणून जुन्या भोकांत लाकडाच्या बारीक दांड्या चिकटवून ती बुजवली आणि वाळायला ठेवली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी जमून नवी भोकं पाडायची होती.

तो रविवार त्याला जमला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तिसऱ्या रविवारी नक्की येतो म्हणाला.

शनिवारी रात्री मी एकटीच होते. उद्या सगळे येणार, नेक बसवण्यातच सकाळ जाणार, तारा चढवायला संध्याकाळ होणार, असं स्वतःला सांगितलं. कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण दुसरं होतं. मला ती गिटार वाजलेली ऐकायची होती. आणि प्रत्येकाचा भाग त्या गिटारीत दिसत होता, माझं काहीच दिसत नव्हतं; निदान जोडणी तरी माझ्या हातची असावी असं वाटत होतं. हे तेव्हा मी स्वतःशीही बोलले नव्हते.

नेक खाचेत बसवून क्लॅम्प लावला. बॉडीच्या मागून, बॉडीच्याच भोकांतून ड्रिल करायचं म्हणजे जागा चुकत नाही. खाचेखालचं लाकूड २९ मिलिमीटर, नेकमध्ये १५ जायचं, म्हणून बिटच्या टोकापासून ४४ वर टेप गुंडाळली. टेप लाकडाला टेकली की थांबायचं. तीन भोकं सुरेख झाली. चौथ्याला बिट बुजवलेल्या दांडीवर अडखळला आणि तिरका जायला लागला. मी थांबले, क्लॅम्प सोडला, नेक बाहेर काढला. जागा तर उमटली होती, म्हणून नेक टेबलावर कापड अंथरून पालथा ठेवला आणि ते भोक सुटं पूर्ण करायला घेतलं.

टेप ४४ वरच होती.

नेकची टाच पट्टीसकट २५ मिलिमीटर जाडीची. बॉडी मध्ये नसताना ती टेप मला कधीच थांबवणार नव्हती. मी टेपकडे बघत होते, अजून बरीच वर आहे म्हणून दाबत होते. मग आवाज बदलला. मेपलमध्ये ड्रिलचा आवाज बारीक आणि टणक असतो, तो एकदम सैल झाला आणि खालचं कापड बिटभोवती गुंडाळलं गेलं. मला पहिल्यांदा कापडाचाच राग आला. ते सोडवून नेक उलटा केला. रोझवूडच्या पट्टीत, सतराव्या फ्रेटमध्ये, तीन मिलिमीटरचं भोक आणि त्याच्या कडेने उडालेला टवका.

आता इथे माझी बाजू मांडते, कारण ती मी मनात शेकडो वेळा मांडली आहे. आरपार भोक कुणाच्याही हातून पडू शकतं. नियमाप्रमाणे नेक त्याचा राहिलाच नव्हता, सगळ्यांचा होता, म्हणजे पाचातला एक वाटा माझाही. त्याने दोन रविवार घालवले होते. स्क्रू लागतो खालून, वरच्या भोकाने बळकटीत काही फरक पडत नाही, आणि तो पडलेला नाही. यातलं एकही वाक्य चूक नाही. तरीही मी त्या रात्री त्याला फोन केला नाही. रोझवूडच्या एका तुकड्याचा भुसा काढला, भोकात भरला, वर सुपरग्लू सोडला, वाळल्यावर पट्टीशी सपाट होईपर्यंत घासला. पहाटेपर्यंत तेच करत होते. नेक खरोखर सगळ्यांचा होता, तर मी तो नेमका एका माणसापासून का लपवत होते? याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

सकाळी सगळे आले. त्याला मी म्हणाले, वेळ वाचावा म्हणून भोकं रात्रीच पाडली. तो "बरं" म्हणाला. स्क्रू पिळले, तारा चढवल्या. सहा तारा मिळून ४५ किलोच्या आसपास ताण देतात. नेक हलला नाही. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा यायचा. दोन वेगळ्या गिटारींचे पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होते, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा खोडत होता. एकाच्या दोन वायरी उलटसुलट करून सोल्डर केल्या आणि आवाज भरला. सगळे ओरडले. मीही ओरडले. वायरीचं बरं असतं, उलटी लागली तर पुन्हा सोडवता येते.

मग गिटार त्याच्याकडे गेली. खिडकीच्या उजेडात त्याने पट्टी तिरकी धरली. रोझवूडला बारीक उभ्या रेषा असतात. माझ्या बुजवणीत रेषा नव्हत्या, नुसता काळपट डाग होता. त्याने त्यावर नख फिरवलं.

"हे काय?"

मी म्हणाले, "लाकडातली गाठ असेल."

ज्या पट्टीवर तो शिकला, तिच्यात गाठ आहे की नाही हे मी त्याला सांगत होते. तो काही बोलला नाही. गिटार पुढच्याच्या हातात दिली.

अकरा दिवस गेले. मग मी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं: शनिवारची रात्र, ४४ वरची टेप, भुसा, गाठ. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाला, "नेक दिला तेव्हा दिला. पण बोलवा म्हणालो होतो." एवढंच. तो चिडला असता तर मला भांडता आलं असतं, माझे सगळे मुद्दे तयार होते.

पुढे दीड-दोन महिने तो आला नाही. आला तेव्हा कागदाच्या पुडीत शिंपल्याचा एक पांढरा ठिपका घेऊन आला, सहा मिलिमीटरचा. माझी बुजवण काढून तिथे हा बसवायचा म्हणाला. ड्रिल मीच करायचं. त्याने नेक धरला आणि म्हणाला, "टेप कुठे लावलीस ते दाखव." दोन मिलिमीटरवर लावली होती. त्याने मोजपट्टी लावून मोजली, मग मान हलवली.

तर तो ठिपका तिथून आला. आता तुमचा दुसरा प्रश्न: नेक चार स्क्रूंवर आहे, मग बदलत का नाही? बॉडी देणारीचं म्हणणं तेच आहे. तिच्याकडे आता एक चांगला नेक आहे, फ्रेट न झिजलेला, आणि वाजवायला तो निश्चित बरा पडेल. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' ही गिटार फेंडरच्याच तीन स्ट्रॅटोकास्टर गिटारींचे भाग जोडून केलेली होती, भाग बदलत राहणं हाच या गिटारींचा धर्म, असं ती म्हणते. मला पटतं. आणि पटतं तेव्हाच शंका येते की मला तो ठिपकाच नजरेसमोरून घालवायचा आहे.

मध्यंतरी मी स्वतःला क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारीचं उदाहरण देत असे. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी करायला घेतली. नेक एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून कोरला, आणि त्यात किडीने पाडलेली भोकं होती ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बुजवलेल्या भोकांचा नेक जगभर वाजला, मग आपल्या एका भोकाचं काय एवढं, असं म्हणत असे. आता म्हणत नाही. ती भोकं लाकूड हातात आलं तेव्हाच होती आणि त्यांच्याबद्दल कुणी कुणाला गाठ आहे म्हणून सांगितलं नव्हतं.

ठिपका म्हणजे त्याने मला माफ केलं की कायमचं लिहून ठेवलं, हे मला कळलेलं नाही. काही दिवस एक वाटतं, काही दिवस दुसरं. विचारलेलं नाही. गिटार महिन्यामहिन्याने एकेकाकडे फिरते. त्याच्याकडे जायच्या आधी मी तारा बदलते, पट्टी पुसून तेल लावते, आणि दर वेळी त्या ठिपक्यावरून बोट फिरवून बघते, कुठे कड वर आली नाही ना. अजून आलेली नाही.

नव्या नेकचा विषय मागच्या भेटीत पुन्हा निघाला. मी म्हणाले, हे त्यानेच ठरवावं. दोघांना ते पटलं नाही; नेक सगळ्यांचा आहे, मग एकट्याने का, असं त्यांनी विचारलं, आणि नियम तसाच आहे. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो तार जुळवत होता. "बघू," म्हणाला, आणि पुढची खुंटी पिळायला लागला.