मी खोडलेले तीन रिले

सोमवारी पहिल्या पाळीत, ११व्या जॉबला (म्हणजे ११व्या सुट्या भागाला) मशीन अडकलं. ८ स्टेशनांचं इंडेक्सिंग टेबल होतं ते. कुठे ड्रिल, कुठे टॅप. टेबल ४५ अंश फिरायचं, खालून हवेच्या सिलिंडरची पिन टेबलाच्या भोकातल्या बुशमध्ये शिरून त्याला धरायची, सगळी हेड एकदम खाली येऊन काम करून वर जायची, पिन सुटायची, टेबल पुन्हा फिरायचं. ११व्या वेळी टेबल निघालं आणि ‘खट्ट’ आवाज करून जागीच थांबलं. रीसेट केल्यावर चाललं. ३४व्या जॉबला पुन्हा तेच.

आदल्या दोन सुट्टीच्या दिवसांत मी या मशीनचं जुनं रिले पॅनेल (रिले म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच) काढून तिथे पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर, बसवला होता. ६२ रिले, चार टायमर आणि वायरींचं जंगल निघालं होतं. त्या जागी पुस्तकाएवढा कंट्रोलर आणि दोन कार्ड आली. प्रोग्रॅम माझाच. महिनाभर जुनी ड्रॉइंग समोर ठेवून मी तो लिहिला होता आणि मशीनऐवजी नुसते दिवे जोडून तपासलाही होता. त्यामुळे दोष प्रोग्रॅममध्ये असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी पिनला हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलला, हवेचा दाब पाहिला, पिन बाहेर आली की दाबला जाणारा लिमिट स्विच उघडून पुसला. मॅन्युअलवर एकेक पायरी चालवली की मशीन बिनचूक चालायचं. ऑटोवर टाकलं की वीस-तीस जॉबनंतर ‘खट्ट’. पुढच्या लाइनवरची माणसं हात बांधून बसली होती आणि मला कोणाकडे बघवत नव्हतं.

दुपारच्या पाळीला काका आले. आमचे सर्वांत ज्येष्ठ इलेक्ट्रिशियन. हे मशीन बसलं तेव्हापासून त्याचं पॅनेल त्यांच्याच हाताखाली होतं. पीएलसी बसल्यानंतरची त्यांची ही पहिलीच पाळी. त्यांनी काही विचारलं नाही. पॅनेलच्या दाराशी उभे राहून पाच-सहा सायकल बघितल्या आणि म्हणाले, “साहेब, हे लवकर निघतंय.”

“काय लवकर निघतंय, काका?”

“टेबल. पिन सुटली की आत टक, टक, टक असं तीनदा वाजायचं, मग टेबल निघायचं. आता पिन सुटली की लगेच निघतंय.”

मी स्टोअरमधून जुनं ड्रॉइंग काढून आणलं. काकांनी चष्मा लावला आणि थेट चौथ्या पानावर बोट ठेवलं. ‘पिन बाहेर’ या लिमिट स्विचवर एक रिले, त्याच्या कॉन्टॅक्टवर दुसरा, दुसऱ्याच्या कॉन्टॅक्टवर तिसरा. आणि तिसऱ्यावरून टेबलाचा व्हॉल्व्ह. तोच संकेत पुढे देण्यापलीकडे या तिघांना कसलंही काम नव्हतं. या पॅनेलमधल्या एका रिलेला चारच कॉन्टॅक्ट होते. ते कमी पडले म्हणून कधीतरी कोणीतरी पुढचा रिले जोडला, नंतर तोही कमी पडला. प्रोग्रॅममध्ये ही अडचणच नसते. एकच संकेत हवा तितक्या ठिकाणी वापरता येतो. म्हणून लिहिताना मी त्या तीन ओळी निरुपयोगी समजून खोडल्या होत्या. प्रोग्रॅम आटोपशीर झाला याचा मला आनंदही झाला होता.

पण रिलेची कॉइल ओढून कॉन्टॅक्ट मिटायला साधारण १५ ते २० मिलिसेकंद लागतात. तीन रिले म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या आसपास. डोळ्याला न दिसणाऱ्या या वेळात पिन बुशमधून उरलेली दोन-तीन मिलिमीटर बाहेर पडत होती. कारण लिमिट स्विच दाबणारा डॉग, म्हणजे पिनबरोबर सरकणारा लोखंडी तुकडा, झिजून आणि सरकून असा बसला होता की, पिन पूर्ण सुटायच्या आधीच स्विच दाबला जाई. चूक यंत्रात होती आणि तिची भरपाई पॅनेलमधला उशीर करत होता. दोन्ही गोष्टी कुठल्याच कागदावर नव्हत्या. माझ्या पीएलसीने तो उशीर काही मिलिसेकंदांवर आणला आणि झाकलेली चूक उघडी पडली. मॅन्युअलवर ती दिसली नाही, कारण तिथे दोन पायऱ्यांमध्ये माझं बोट होतं. बोटाला ५० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही.

मी लॅपटॉप उघडून म्हणालो, “काका, ८० मिलिसेकंदांचा टायमर टाकतो. दोन मिनिटांचं काम.”

“टाका. पाळी तर चालली पाहिजे. पण डॉग नीट लावल्याशिवाय मी हे सोडणार नाही. आज ८० टाकाल, अजून झिजला की १५० टाकाल. मग झीज कळायची कधी?”

त्यांचं बरोबर होतं. टायमरवर पाळी काढली, जेवणाच्या सुट्टीत डॉग मागे घेतला, आणि पुढच्या सुट्टीत पिन पूर्ण बाहेर आली हे सांगणारा वेगळा प्रॉक्झिमिटी स्विच बसवला. त्यानंतर टायमर काढून टाकला.

त्या दिवसाची दुसरी गोष्ट मला जास्त लागली. टायमर टाकत असताना काका शेजारी वाकून स्क्रीन बघत होते. ते अचानक म्हणाले, “अरे, हे तर आपलंच ड्रॉइंग आहे!” दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. संगणकाला हात न लावलेला माणूस पाच मिनिटांत माझ्या प्रोग्रॅममधून बोट फिरवत चालला होता.

हा योगायोग नाही. १९६८ साली जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंचा पर्याय हवा होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेलच्या पॅनेल नव्याने वायर करावी लागत. अमेरिकी अभियंते डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो कंट्रोलर बनवला त्याचं नाव मोडिकॉन ०८४. त्यांचा तो ८४वा प्रकल्प. त्याची भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखी, शिडीसारखी ठेवली गेली, ती कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. इतकं नवं यंत्र इतक्या लवकर सगळीकडे पसरलं त्यात या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे मानतो.

आणि आम्ही काय केलं होतं? प्रोग्रॅमला पासवर्ड लावला होता. तो फक्त दोघांकडे. जुन्या पॅनेलमध्ये रात्री काही बिघडलं तर काका टेस्टर घेऊन दार उघडायचे आणि अडकलेला रिले शोधायचे. नव्या पॅनेलसमोर त्यांना आम्हाला फोन लावून वाट बघत बसावं लागलं असतं. तीस वर्षांचं कसब एका पासवर्डने निकामी झालं असतं, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. प्रोग्रॅम बदलण्यावर कुलूप असावं, याबद्दल माझं दुमत नाही. वाचण्यावर ते का असावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच संध्याकाळी मी वाचण्यापुरता प्रवेश सगळ्या इलेक्ट्रिशियनना खुला केला आणि छापील प्रत पॅनेलच्या दारामागच्या खिशात ठेवली. प्रत्येक पायरीपुढे ती का आहे, हे लिहिलं.

पुढच्या महिन्यात याच लाइनवरच्या दुसऱ्या मशीनचा नंबर होता. ते बंद करण्याआधी आम्ही दोन दिवस ते तसंच चालू ठेवून प्रत्येक संकेतामधला वेळ मोजला. काका ड्रॉइंग घेऊन पॅनेलशी स्टुलावर बसले होते आणि ५८ रिलेंपैकी एकेकावर बोट ठेवून सांगत होते, हा कशासाठी आणि तो कधी आला. सात रिले असे निघाले की ज्यांचं काम ड्रॉइंगवरून कळलंच नसतं. त्या सातांपुढे त्यांनी लाल पेनने खूण केली.