नागपूरची थंडी आणि कोंबड्यांचं आंबवलेलं खाद्य : १२ कोंबड्यांच्या नोंदी

मे महिन्यात सकाळी भिजवलेला भरडा संध्याकाळपर्यंत फसफसतो. डिसेंबरात तोच डबा दोन-दोन दिवस नुसता भिजत पडतो, इडलीचं पीठ ज्या कारणानं फुगत नाही त्याच कारणानं. बरेच जण यावर उपाय म्हणून आणखी एक-दोन दिवस थांबतात, आणि तिथेच बिघडतं. आंबट व्हायच्या आधीचे २४ तास सगळ्यात नाजूक असतात. आम्ल तयार झालेलं नसतं, ओलावा मात्र भरपूर असतो. अशा डब्यात आंबवणाऱ्या जिवाणूंच्या आधी बुरशी आणि कुजवणारे जिवाणू बस्तान मांडतात. म्हणून थंडीत डब्याला जास्त दिवस देण्यापेक्षा पहिल्या दिवशी ऊब आणि विरजण द्यायचं. या हंगामातला सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच.

डिसेंबर, पहिला आठवडा. मिश्रण.

एका दिवसाचं कोरडं माप असं : मक्याचा भरडा ३५० ग्रॅम, अख्खी ज्वारी १५० ग्रॅम, सोयाबीनची ढेप (तेल काढलेली) १८० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ७० ग्रॅम. एकूण ७५० ग्रॅम, प्रथिनं साधारण १८ टक्के. हे सकाळचं. दुपारी ५०० ग्रॅम तयार लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य) कोरडाच आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायच्या आधी २०० ग्रॅम अख्खी ज्वारी. एका कोंबडीला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास पडतं. रात्री पारा १० अंशांखाली गेला तर संध्याकाळची ज्वारी ५० ग्रॅमनं वाढवायची. थंडीत पक्षी अंगातली ऊब राखायला जास्त खातो, आणि पोटातलं कोरडं दाणं रात्रभर पुरतं.

लेअर मॅश आंबवायचा नाही. त्यात चुनखडीची भुकटी असते. आम्ल तयार झालं की ती विरघळते, फेस येतो, आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) खाली उतरायचं नाव घेत नाही. फेस बघून ‘काय झकास आंबलंय’ असं वाटतं, पण तो फेस चुनखडीचा असतो. कॅल्शियम वेगळं द्यायचं : शिंपल्यांचा चुरा रोज सुमारे ८० ग्रॅम, वेगळ्या वाटीत. जिला हवं ती खाते. मीठ २ ग्रॅम आणि खनिज मिश्रण पाकिटावरच्या मापानं, आंबवून झाल्यावर, वाढताना.

विदर्भात जनावरांसाठी घरात पडलेली सरकी ढेप सहज हाताशी असते. ती घालू नका. त्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी पडतो. लाखोळीची (लाख डाळीची) चुनीही नको, त्यातलं विष भिजवून पूर्ण जात नाही. कच्चं सोयाबीनही नाही, ढेपच. मका इतवारीच्या बाजारातून घ्या नाहीतर कळमन्याच्या, मूठभर दाणे फोडून कोंबाकडची बाजू बघायची. काळपट किंवा हिरवट दिसली की पोतं परत. बुरशीचं विष आंबवल्यानं निघून जाईल या भरवशावर राहता येत नाही.

दुसरा आठवडा. डबे आणि पाणी.

५ लिटरचे खाण्याच्या प्लॅस्टिकचे तीन डबे, झाकणावर खडूनं वार. चिनी मातीची बरणी असेल तर आणखी चांगलं. गॅल्वनाइज्ड पत्र्याची बादली किंवा गव्हाण चालत नाही, आम्लानं जस्त सुटतं आणि ते थेट कोंबडीच्या पोटात जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून रुंद पातेल्यात रात्रभर उघडं ठेवून वापरायचं. विहिरीचं पाणी लगेच चालतं.

७५० ग्रॅमला १ लिटर पाणी, ३५ ते ४० अंश, म्हणजे बोट सुखानं बुडेल इतपत. तीन-चार तासांत भरडा फुगून पाणी पिऊन टाकतो. मग आणखी पाव-अर्धा लिटर घालून पाणी दोन बोटं वर राहील असं करायचं. वर उघडा पडलेला भरडा म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकण सैल, कारण वायू निघायला वाट हवी.

विरजण म्हणून पहिल्या डब्यात १०० मिली ताजं, बिनमिठाचं ताक. पुढे दर खेपेला आधीच्या चांगल्या डब्यातलं १५० मिली आंबट पाणी. ज्वारीची आंबील करणाऱ्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा आठवडा. ऊब.

नागपूरचा डिसेंबर फसवा असतो. दुपारी २८ अंश, पहाटे १०, आणि कधी त्याहून कितीतरी खाली : २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. दिवसा गच्चीवर उन्हात ठेवलेला डबा झकास चालतो आणि रात्री थिजतो. त्यामुळे डबा दिवसा ११ ते ४ उन्हात, नंतर थर्मोकोलच्या खोक्यात. सोबत गरम पाण्याच्या दोन एक-लिटर बाटल्या, भोवती पोत्याचे तुकडे, उरलेल्या फटीत तांदळाचं तूस. पाणी साठ अंशांच्या आसपास, उकळतं नाही. साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं ओतलं की ती आक्रसते, बूच सैल होतं आणि सकाळी तूस ओलं सापडतं.

खोक्याशिवाय, स्वयंपाकघराच्या फरशीवर : तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पीएच ४.५. खोक्यात, विरजणासह : दुसऱ्या दिवशी सकाळीच ४.५, संध्याकाळी ४.२. पीएचची कागदी पट्टी पुरते, मीटर लागत नाही.

रोज एकदा तळापर्यंत ढवळायचं आणि आधी पृष्ठभाग नीट बघायचा. पांढरी, पातळ, सुरकुतलेली साय, चमच्यानं ढकलली की कागदासारखी घडी पडते : ते यीस्ट, काढून टाका, डबा चालू ठेवा. लव असलेला, ठिपक्याठिपक्यांचा, हिरवा, काळा किंवा गुलाबी थर : ती बुरशी, सगळा डबा खड्ड्यात. वरचं काढून खालचं द्यायचं नाही. वास ताकाचा, लोणच्याचा असावा. दारूकडे झुकला तर विरजण बदला, अमोनियाचा किंवा कुजका आला तर फेका.

जानेवारी. वाढणं.

चाळणीवर १५ मिनिटं निथळू द्यायचं. मग मुठीत दाबायचं : गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी ओघळायला नको, आणि बोटानं टोचला की गोळा सुटायला हवा. ओघळत असेल तर मूठभर कोरडा कोंडा मिसळा. ओलं खाद्य मानेच्या पिसांना लागतं, गारठ्यात ते वाळत नाही. खुराड्यातल्या तुसाच्या गादीवर सांडलं तर तूस ओलं होतं, आणि थंडीत पोत्यांनी चहूबाजूंनी बंद केलेल्या खुराड्यात अमोनिया साचतो. पडदे उत्तरेला आणि पूर्वेला बांधावेत, वरची एक फूट जागा कायम उघडी. खाली बसून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर अडचण खाद्यात नाही, हवेत आहे.

वाढताना खाद्य कोमट असावं. निथळल्यावर कपभर गरम पाणी शिंपडून कालवलं तरी पुरतं. वेळ साडेसातची, ऊन अंगणात आल्यावर. गव्हाण म्हणजे ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून, ४ फूट लांब, दोन्ही टोकांना झाकणं. पहिले तीन दिवस मापाच्या पाव भाग, उरलेलं कोरडं. एकदम बदललं की तोंड लावत नाहीत. या खाद्यावर पाणी कमी पितात, घाबरू नये. तासाभरानं उरलं ते उचलायचं आणि गव्हाण धुवायची, कारण दुपारच्या उन्हात माश्या येतातच.

साळुंक्या, कबुतरं आणि कावळे या खाद्यावर फार लवकर येतात. गव्हाण जाळीच्या आतच ठेवा. २०२५ च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रातल्या तीन वाघांचा आणि एका बिबट्याचा मृत्यू बर्ड फ्लूनं झाल्याचं समोर आलं होतं, त्यामुळे रानपाखरांची पंगत इथे बसू देणं परवडणारं नाही. अचानक दोन-तीन पक्षी मेले तर खाद्याला दोष देत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला कळवा.

अंडी कमी झाली म्हणून आंबवणं सोडणाऱ्यांसाठी : डिसेंबरात इथला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे ५ ला लागणारा ९ वॅटचा एलईडी टायमरवर लावा, संध्याकाळीही सूर्यास्तानंतर दोन तास. वेळ एकदम नाही, दर आठवड्याला अर्ध्या तासानं वाढवायची.

संक्रांतीनंतर दुपारी डबा लवकर वर येऊ लागतो. आधी एक बाटली कमी केली, फेब्रुवारीत दुसरी काढायची आहे. विरजण तेव्हा १५० वरून ७५ मिलीवर, आणि तिसरा डबा धुऊन पालथा.