कच्च्या पपईचं सूप

बाळंतपणाला आई सिंगापूरला येणार हे पक्कं होतं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळं बांधून तयार. ऐनवेळी बाबांची अँजिओप्लास्टी निघाली आणि तिचं तिकीट रद्द झालं. मग चिनी शेजारणीच्या ओळखीने मलेशियातल्या इपोहहून एक आंटी आल्या. इथे या बायकांना 'कन्फाइनमेंट नॅनी' म्हणतात. त्यांना वेगळं वर्क परमिट मिळतं, बाळ जन्मल्यापासून १६ आठवड्यांपर्यंतचं. आमचं बोलणं २८ दिवसांचं झालं होतं. या काळाला चिनी भाषेत 'झुओ युएझी' म्हणतात, म्हणजे महिना बसणं. आपला सव्वा महिना, त्यांचा एक.

आल्या आल्या आंटींनी माझ्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घेतला आणि थर्मास ठेवला. आत 'रेड डेट'चा चहा. नावावरून मला वाटलं खजूर असेल; एक चावून बघितला तर थेट सुक्या बोराची चव! आहेच ते बोराच्या कुळातलं. आंटी एकेकाची बी काढत बसायच्या, कारण बी उष्ण. दिवसभर पाण्याच्या जागी हेच. चौथ्या दिवशी त्या गोडाची शिसारी आली, पण सांगायची सोय नव्हती. पंखा बंद, केस धुवायचे नाहीत. "विंड गो इनसाइड!" माझी आजी कान बांधायला लावताना म्हणायची ते "वारं लागेल" मला इथे इंग्रजीत ऐकायला मिळालं.

सुपांपैकी माझ्या मनात बसलं ते माशाचं. आंटी आल्याचे जाड काप तेलात परतायच्या, त्यावर मासा दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या आणि त्यात एकदम उकळतं पाणी ओतायच्या. आच मोठीच. दहा मिनिटांत पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. दुधाचा थेंब नाही, माशाची चरबी त्या उकळीत पाण्यात मिसळते म्हणून तो रंग. मग कच्च्या पपईच्या फोडी, मीठ नावाला.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, हीच चूक झाली.

"कच्ची पपई? अगं, वेड लागलंय का त्या बाईला?"

"आई, ती पोटुशीला चालत नाही. आता बाळ बाहेर आलंय. दूध यावं म्हणून देतात इथे."

"आणि मासा कुठला?"

"रावस."

थोडा वेळ शांतता. "ताजा आहे ना? मग पी."

खरंच रावस होता. इथे त्याला कुराऊ म्हणतात आणि बाळंतिणीसाठी तो मुद्दाम आणतात. भाव ऐकून मात्र नवऱ्याचा चेहरा पडला. सुपाने दूध वाढलं का? स्तनपान सल्लागार बाईंचं म्हणणं, बाळाला जितक्या वेळा पाजाल तितकं दूध येतं. मी पाजतही होते आणि सूपही पीत होते, श्रेय कोणाला द्यायचं ते आंटींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

एकदा मात्र आमचं वाजलं. तिळाच्या तेलातली आल्याची कोंबडी इथे तांदळाच्या दारूत शिजवतात. "बॉइल ऑलरेडी, नो मोर अल्कोहोल," आंटी म्हणाल्या. पण शिजवल्यावर सगळी दारू उडून जात नाही, आणि मी अंगावर पाजत होते. डॉक्टरांना विचारलं, दारू नको, आणि औषधी मुळ्या न विचारता सुपात टाकू नका, असं त्यांनी बजावलं. आंटी दोन दिवस फुगून होत्या. तिसऱ्या दिवशी बिनदारूची कोंबडी आली. काळ्या गोड व्हिनेगरमध्ये शिजवलेले डुकराचे पाय आणि आलं ही कँटोनीज लोकांची खास चीज, पण मी डुक्कर खात नाही, म्हणून माझ्या वाट्याला नुसतं आलं आणि उकडलेली अंडी. ती आंबटगोड अंडी मी आजही मागून खाईन.

२८व्या दिवशी लाल पाकिटात पैसे घालून आंटींना निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी हौसेने मी स्वतः सूप करायला घेतलं. आलं परतलं, रावस भाजला, नळाचं पाणी ओतलं. अर्धा तास झाला तरी पातळ, करडं पाणी. आंटींना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "कोल्ड वॉटर, ah?" एवढंच म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या.