बॅगेतून सगळ्यात आधी संपतं ते पाणी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत मी पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणारा, आहे आणि बोलावणं आलं की पोलिसांच्या विशेष पथकाबरोबरही जातो, असं सोलापुरात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "बंदूक देतात का रे?" मला देत नाहीत. काही शहरांत मेडिककडेही शस्त्र असतं, ते तिथल्या खात्यावर अवलंबून. माझ्याकडे हेल्मेट, अंगात जड बुलेटप्रूफ जॅकेट आणि पाठीवर बॅग. त्या बॅगेतून सगळ्यात आधी संपतं ते पाणी. इथला ऑगस्ट म्हणजे आपला मे. एवढं ओझं अंगावर घेऊन पोलीस तासन्‌तास उन्हात उभे राहतात. त्यांच्यातला कुणी बरळायला लागला तर उष्माघात समजून त्याला जागेवरच गार पाण्यानं भिजवायचं, हॉस्पिटल नंतर. गोळी लागलेला माणूस त्या मानानं क्वचित भेटतो.

माझे मामा आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झाले. नर्सिंग असिस्टंट, ट्रेनिंग लखनौचं. गेल्या सुट्टीत जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गच्चीवर, कडक भाकरी आणि शेंगा चटणी समोर असताना, आमचा याच विषयावर वाद रंगला. त्यांचं म्हणणं, "तुमचं सगळं फौजेकडूनच उचललेलं आहे की!"

निम्मं खरं आहे. अमेरिकी लष्कराचे कॉम्बॅट मेडिक आमच्याच शहरातल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला तयार होतात. सुमारे चार महिन्यांचा कोर्स. आधी ईएमटी, म्हणजे साध्या ॲम्ब्युलन्सवरची प्राथमिक पातळी, आणि मग रणांगण. या रणांगणी उपचारांची आजची पद्धत १९९६ साली एका लष्करी वैद्यकीय मासिकात मांडली गेली. पुढे तिचा क्रम असा बसला: आधी धो-धो वाहणारं रक्त थांबवा, मग श्वासमार्ग, मग छाती, मग रक्ताभिसरण, आणि अंग गार पडू देऊ नका. गोळ्या चालू असताना तर उपचार जवळपास एकच. गणवेशावरूनच हाताच्या किंवा पायाच्या अगदी वरच्या टोकाला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, करकचून आवळायचा आणि आडोसा गाठायचा. यामागचं कारण आकड्यांत दिसतं. २००१ ते २०११ या काळातल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यातले बहुतेक हॉस्पिटलला पोचण्याआधीच गेले होते. या वाटेतच गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचू शकला असता, आणि त्या वाचू शकणाऱ्यांतले दहातले नऊ जण रक्तस्रावानं गेले होते.

उरलेलं निम्मं मात्र मामांना पटवताना मला घाम फुटला. फौजेतला पेशंट विशी-तिशीतला, भरतीच्या वेळी तपासून घेतलेला. माझा पेशंट कोण? एखादा माणूस बंदूक घेऊन घरात कोंडून घेतो. पोलीस आजूबाजूची घरं रिकामी करतात. अशा वेळी माझ्याकडे येते ती शेजारची आजी, जिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलंय. किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा, जे घाईत पायरीवरून पडलेत. गरोदर बाई असते, लहान मुलं असतात, प्रत्येकाचा डोस वेगळा. म्हणूनच २०११ साली शहरांसाठी निराळी समिती बसली आणि लष्करी नियम नागरी कामाला बेतून घेतले गेले.

आणि ज्यानं हा सगळा गोंधळ घातला, तोही माझाच पेशंट. "यात नवीन ते काय? जिनिव्हा करारानं शत्रूचा जखमीही आमचाच," मामा म्हणाले. बरोबर. पण माझ्या जखमीची केस उद्या कोर्टात उभी राहते. शर्ट कापताना गोळीच्या भोकातून कात्री घालायची नाही, बाजूनं कापायचं, कारण ते भोक पुरावा आहे. तो बेशुद्ध पडण्याआधी काय बोलला, तेही लिहून ठेवायचं.

अंतराचा मुद्दा याहून मोठा. ट्रॉमा सेंटर माझ्यापासून काही मिनिटांवर असतं, त्यामुळे थांबवता येईल तेवढं रक्त थांबवून निघणं हेच माझं काम. हेलिकॉप्टर येईलच याची खात्री नसलेल्या मेडिकला जखमी तासन्‌तास सांभाळावा लागतो. त्या बाबतीत मामा माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. खूश झाले.

मला खटकतं ते वेगळंच. सैन्यात छातीत सुई घालून अडकलेली हवा बाहेर काढणारा, रक्त चढवणारा मेडिक बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात परवाना असतो तो फक्त ईएमटीचा. पॅरामेडिक व्हायला पुन्हा वर्षभर वर्गात बसायचं. माझे काही सहकारी याच रांगेतून आलेत आणि अजून चिडतात. पण हृदयविकार, दमा, बाळंतपण हे त्यांना तिथे कमीच भेटलेलं असतं, त्यामुळे ते वर्ष अगदीच वाया जात नाही.

रक्ताचा विषय निघाला की मला आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली सोलापूरचा हा माणूस चीनच्या आघाडीवर गेला आणि पुढे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचा प्रमुख झाला. हे बेथ्यून म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून आघाडीपर्यंत नेणारे. सॅन अँटोनिओच्या अग्निशमन दलानं २०१८ साली आपल्या काही गाड्यांवर रक्त ठेवायला सुरुवात केली, ती त्याच विचाराची नागरी आवृत्ती.

शेवटी मामांनी विचारलंच, "मग सोलापूरला असलं पथक हवं का?" मला नाही वाटत. आपल्याकडे १०८ वर डॉक्टर असतो, ही इथल्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. पण पुणे-हैदराबाद रस्त्यावर अपघात झाला तर पहिली काही मिनिटं तिथे असतो तो टपरीवाला, रिक्षावाला, ट्रकचा क्लीनर. त्यांना जखमेवर कपडा दाबून धरणं, खोल जखमेत तो कोंबणं आणि टूर्निकेट जखमेच्या वर, सांधा सोडून आवळून वेळ लिहून ठेवणं, एवढं शिकवलं तरी पुष्कळ. पोलीस मागे लागतील ही भीती असेल, तर २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीतलं कलम १३४-अ आणि त्याखालचे नियम त्यांना सांगा: मदत करणाऱ्यानं आपलं नाव-पत्ता दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही.