मामा, जमीन विकायच्या आधी पोराची मेडिकल करून घ्या

परवा रात्री मामांचा फोन आला, आवाज एकदम खुशीत. "अगं, पोराचं पायलटचं नक्की केलं बघ. ओढ्याकडची अडीच एकर बघायला माणूस येतोय रविवारी." मी हैदराबादला हॉटेलवर होते, पहाटे २.४० चा अलार्म लावून आडवी झालेले, आणि हे ऐकून झोपच उडाली. कारण मामेभावाची अजून मेडिकलच झालेली नाही. कुणा काउन्सिलरने त्यांना सांगितलंय की दीड वर्षात लायसन, लगेच नोकरी, प्लेसमेंट शंभर टक्के. मी एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, चार वर्षं झाली, आणि घरात एक पायलट असूनसुद्धा आपल्याच माणसांना हे असं सांगितलं जातं याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मामांना फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

सगळ्यात आधी मेडिकल. फी नंतर, ॲडमिशन नंतर, जमीन तर फारच नंतर. आधी क्लास टू, म्हणजे सुरुवातीची तपासणी, ती डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे होते, त्यातून फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वन, ती एअर फोर्सच्या सेंटरवर (बंगळूरचं सगळ्यांना माहीत असतं) किंवा मान्यता असलेल्या ठरावीक हॉस्पिटलांत. रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे, कानाची टेस्ट, डोळे, पोटाची सोनोग्राफी. कमर्शियल लायसनला क्लास वन लागतेच लागते. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने क्लास टूवर फ्लाइंग सुरू केलं, क्लास वन नंतर बघू म्हणाला, आणि सोनोग्राफीत किडनी स्टोन निघाला. त्याला आयुष्यात कधी पोटात दुखलं नव्हतं! टेम्पररी अनफिट. तो बरा होऊन परत फिट झाला, आज उडतोय, पण मधले सात-आठ महिने कर्जाचे हप्ते चालू आणि फ्लाइंग बंद, त्याच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही.

आता चष्मा. गावात सगळ्यांनी मामेभावाला सांगून ठेवलंय की तुला चष्मा आहे, तू विसर. अहो नाही! चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं, माझ्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी कॅप्टनना चष्मा आहे, फक्त एक जादाचा चष्मा सोबत ठेवायचा. ही भीती बहुतेक एनडीएच्या नियमांमधून आलीय, तिथलं फायटर पायलटचं माप वेगळं आणि आमचं वेगळं. खरी अडचण रंगांची असते. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा ओळखायचा ती इशिहाराची टेस्ट, बऱ्याच मुलांना आपल्याला रंग नीट कळत नाहीत हे तिथेच पहिल्यांदा समजतं. गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडेही ती पुस्तिका असते, पाच मिनिटांचं काम आहे, ते आधी करा.

दुसरं, त्याने बारावी कॉमर्समधून केलीय म्हणून मामी म्हणत होत्या की आता बीएस्सी एव्हिएशन करावं लागेल. डिग्री लागत नाही, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, आणि ते राहिलं असेल तर एनआयओएसमधून (सरकारी ओपन स्कूल) तेवढे दोन विषय देता येतात, माझ्या बॅचला दोघांनी तसंच केलं. आणि बीएस्सी एव्हिएशन ही डिग्री आहे, लायसन नाही, ती घेऊन विमान उडवता येत नाही हे कृपा करून लक्षात ठेवा. गणिताची पण उगाच भीती घालतात. नेव्हिगेशनला लागतं ते वेग-अंतर-वेळ, वारा कुठून येतोय, त्रिकोण, आणि तोंडी हिशोब. ६० मैल गेल्यावर रेषेपासून १ मैल सरकलात तर साधारण १ अंशाची चूक, हे डोक्यात पटकन यायला हवं. पण नेव्हिगेशन, मेट (म्हणजे हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात, ६९ म्हणजे नापास, त्यामुळे रोज बसून अभ्यास करणारा मुलगा हवा.

आणि दीड वर्ष. लायसनला २०० तास लागतात, त्यात १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे, ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांवर जाणारं लांबचं उड्डाण, रात्रीचं फ्लाइंग, आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त काट्यांवर उडवणं. कागदावर होतं वर्षभरात. मी जिथे शिकले तिथे चार विमानांपैकी दोन कायम हँगरमध्ये, इन्स्ट्रक्टर सोडून गेले, त्यात पावसाळा. मला अडीच वर्षं लागली. म्हणून स्कूल बघायला गेलात तर ऑफिसात बसून ब्रोशर बघू नका, बाहेर चहा पीत बसलेल्या पोरांना विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले.

खर्चाचं पण तसंच. मामांना जो आकडा सांगितलाय तो फक्त लायसनचा आहे. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे एटीआर किंवा ए३२० असं ठरावीक विमान शिकायचं, त्याचे पुन्हा लाखो रुपये, आणि ते झालं तरी नोकरी हातात नसते. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज ही विमान कंपनी बंद पडली, २०२३ च्या मे मध्ये गो फर्स्ट, अशा वेळी हजारो तासांचे अनुभवी लोक बाजारात येतात आणि २०० तासवाल्याला कोण विचारणार? मी १९ महिने घरी होते. त्यात लायसन चालू ठेवायला पैसे घालून उडायचं, संध्याकाळी मुलांना मेट शिकवायचं, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की ट्रेनिंग चालूय तिचं. तेव्हा आमची सगळी जमीन गेलेली असती तर मी टिकले नसते, हे मी मामांना स्पष्ट सांगितलं.

ते म्हणाले, "पण आता सगळं ऑटोमॅटिकच असतं ना गं?" टेकऑफ हातानेच होतो मामा. ऑटोपायलट नंतर लावतो, पण त्याला काय सांगायचं, ढग कुठून टाळायचा, इंधन किती राहिलंय, उतरता नाही आलं तर कुठे जायचं हे आम्ही दोघंच ठरवतो. दिल्लीच्या धुक्यात मोठी विमानं आपोआप उतरतात ती सुद्धा विमान, रनवे आणि क्रू तिन्ही त्यासाठी तयार असले तरच, आणि आमच्या एटीआरला तर ऑटोलँड नाहीच. जुलैच्या पावसात मुंबईला उतरताना वायपर फुल चालू असतात, विमान हलत असतं, आणि कंट्रोल हातात असतो. माझ्या हातात, कारण को-पायलट म्हणजे मदतनीस नव्हे, साधारण एक सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं उड्डाण) कॅप्टन उडवतात, एक मी.

शेवटी मामी फोनवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, धाकटी पण म्हणते मला पायलट व्हायचंय, पण मुलीला कशाला, एअर होस्टेस केलं तरी पुरे. ती दहावीला आहे, गणितात भावापेक्षा कितीतरी पुढे. मी म्हटलं मामी, १९८५ साली आपल्या सौदामिनी देशमुखांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेलं, त्यात सगळा क्रू बायकांचा होता. त्याला चाळीस वर्षं झाली आणि तुम्ही समोर भाची पायलट असताना असं म्हणता? त्या काही बोलल्या नाहीत. पण मागून तिचा आवाज आला, "ताई, ते ठिपक्यांचं पुस्तक मला पण दाखवायला सांग ना."

रविवारच्या माणसाला मामांनी तूर्तास नको कळवलंय. सोमवारी दोघांना घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे जाणार आहेत.